माह्या रोगाची खबर

॥ जय सेवालाल ॥

तांडा, ता. दारव्हा
दि. ९ सप्टेंबर २०२४

चि. देवसिंग यास,
तुह्या थोरल्या बहिणीचे, रुपीबाईचे आशीर्वाद. वि. वि. इकडचं क्षेम कसं हाय ते तुले माहीत हाय, मले नाही. म्हणून यावेळी इकडचं क्षेम तूच तिकडून कळव.

फोन सोडून कागद कायले, असं तुले वाटन. माहा फोन सुनीलनं नेला. स्क्रीन गेली म्हणते, दारव्ह्याले दुरुस्तीले टाकला म्हणते. पोळा होऊन गेला, गणपती बसले, फोन काही परत येऊन नाही राह्यला. पुष्पाचा फोन हाय, अंगणवाडीत माह्या हाताखाली मदतनीस होती तीच पुष्पा. पण फोनवर तुहं बोलणं होत नाही, नुसतं नाक ओढणं चालते. कागदावर नाक ओढता येत नाही, म्हणून लिहून राह्यली. उत्तर पुष्पाच्या नावानं अंगणवाडीच्या पत्त्यावर टाक. घरी टाकलं तर आधी माहा लेक सुनील वाचन.

आता मुद्द्याचं. तान्ह्या पोळ्याले तू अन् तुही बायको आले. आल्या आल्या तू माह्या डोकशावर हात फिरवला. अबे भैताडा, मी तुह्याहून मोठी हाय! तेवढ्यात तुही बायको गळ्यात पडली. पडू दे. आपल्या बाया भेटल्या की गळ्यात पडून सूर लावून रडतातच, म्याही किती जणींच्या गळ्यात पडली असन. पण भेटीचं रडणं येगळं असते देवसिंग. त्यात बाई आपलं दुखणं सांगते, किती दिसांनी भेट झाली, माहेरचं कोण कसं हाय, वाट कशी लांब पडली. तुह्या बायकोनं माहे गुण गायले. माह्या हातची भाकर, माहा जीव, तांड्याची लेकरं म्या कशी अंगाखांद्यावर वाढवली. हे रडणं माणूस गेल्यावर रडतात. अन् मी तिच्या गळ्यात जिती, हातात चहाचा कप! तिले विचारलं, हे काय वं लावलं, तर म्हणे डोळ्यात कचरा गेला.

तवापासून दारात रांग हाय. ज्याइनं लग्नात पाणी विचारलं नाही ते केळी घेऊन येऊन राह्यले. बसतात, माह्याकडं पाहतात, सुनीलच्या पाठीवर हात ठेवून जातात. अन् परवा कोण यावं? बाबूसिंग! तुह्या भाऊजीच्या हयातीपासून आपल्या वावराचा धुरा, बांध, दरसाल इतभर कोरून खाणारा बाबूसिंग. हात जोडून म्हणाला, बाई, झालं गेलं विसर, धुरा तुहाच, दगड मागं सरकवून ठेवतो. ठेवलेही. बाबूसिंगनं धुरा सोडला तवाच मले समजलं का मी मरून राह्यली.

सुनील म्हणते अल्सर हाय. अल्सरले कोणी वावर सोडत नाही. मले काय झालं ते लिही.

लोभ असू दे असं लिहायची रीत हाय. लोभ लय झाला, आता जरा खरं असू दे.

तुही बहीण,
रुपीबाई


नेर
दि. १६ सप्टेंबर २०२४

ती. रुपीबाईस,
देवसिंगचा साष्टांग नमस्कार. वि. वि. तुहं पत्र पावलं. अक्षर पाह्यलं, राग पाह्यला, अन् जिवात जीव आला. इतका राग ज्या माणसाच्या अंगात हाय त्याले काय धाड भरली?

बाई, तू उगाच मनाले लावून घेऊन राह्यली. तुही भावजय टीव्हीवरची सासू पडली तरी रडते, तिच्या सुराचा कायले हिशेब ठेवतं? अन् बाबूसिंगचं म्हणशील तर वय झालं त्याचं. देवाघरी जाताना वावर नेता येत नाही, हे उशिरा का होईना त्याच्या टकुऱ्यात शिरलं. तू फायदा घे अन् तारेचं कुंपण मारून टाक.

डॉक्टरनं अल्सरच सांगतला. तिखट बंद, मऊ भात, दूध, पपई. तू डॉक्टरचं ऐकत नाही म्हणून सुनील काळजी करते, बाकी काही नाही. पोट्टा चांगला हाय, त्याच्यावर चिडू नको.

इकडं गणपतीच्या गर्दीनं जीव खाल्ला. दारव्हा गाडीत पाय ठेवायले जागा नाही, सुट्टे मागून मागून घसा बसला. कंडक्टरच्या नोकरीत माणूस एक तर बहिरा होते नाहीतर मुका. मी मुका होऊन राह्यलो.

तब्येतीले जप. भावावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुहा,
देवसिंग


तांडा
दि. २३ सप्टेंबर २०२४

चि. देवसिंग यास,
आशीर्वाद द्यावे का नाही याचा विचार केला अन् शेवटी दिले. वि. वि. तुहं पत्र वाचून चुलीत टाकलं.

मुका होऊन राह्यलो म्हणते! लाज नाही वाटली लिहायले? तुले खोटं कधी जमलंच नाही. लहानपणी आश्रमशाळेत गुळाची ढेप फोडली, तवाही तू तोंड पुसून आला अन् हात तसेच ठेवले. आताही तसंच हाय. अल्सरवाल्या बाईच्या पायावर कोणी डोकं ठेवत नाही. काल माह्या सुनेनं, राखीनं ठेवलं. तिले विचारलं, काय झालं वं, तर पदर तोंडात कोंबून गोठ्याकडं पळाली.

यवतमाळले मले मोठ्या मशीनमध्ये घातलं, त्या दिवसाचं आठवते? डॉक्टरच्या खोलीत तू अन् सुनील गेले. मले बाहेर बसवलं, हातात नारळपाणी दिलं, पोट्टीले द्यावं तसं. पोट माहं, मशीनमध्ये मी गेली, सुया माह्या हाताले टोचल्या, अन् खबर तुमाले! मंग तुमच्याकडून तुमच्या बायकाइले, बायकांकडून तांड्याले, तांड्याकडून बाबूसिंगले. साऱ्या दारव्हा तालुक्याले माहा रोग माहीत हाय, फक्त मले नाही.

म्या अंगणवाडी चालवली. लेकरू वजनात कमी भरलं तर त्याच्या मायले सांगत होती, तोंडावर. रडली तर रडू देत होती, अन् रडून झालं का काय खाऊ घालायचं ते सांगत होती. शेजारणीले नाही सांगतलं, सासऱ्याले नाही सांगतलं. ज्याचं लेकरू त्याले आधी. एवढी साधी गोष्ट हाय. तुमाले दोघांले ती समजत नसन तर तुमच्या मिशा कायले हायेत?

ऐक. खरं लिहिलं तर लिही. नाही लिहिलं तर भाऊबीजेले इकडं फिरकू नको. मी ओवाळणार नाही. माह्या पाठीले भाऊ नव्हताच असं समजीन.

तुह्या उत्तरापर्यंतच तुही बहीण,
रुपीबाई


नेर
दि. ३० सप्टेंबर २०२४

ती. बाईस,
नमस्कार. वि. वि. हे पत्र लिहून फाडलं, परत लिहिलं. गाडीत, डेपोत, घरी, कुठंच लिहिणं होईना. आता लिहितो.

तुह्या पोटात गाठ हाय. जठराच्या मागं स्वादुपिंड असते, डॉक्टर पॅनक्रियाज म्हणतात, त्याच्या शेपटाकडं. लिव्हरवरही एक डाग हाय. कॅन्सर हाय बाई. डॉक्टरनं विचारलं, त्रास कधीपासून, तर सुनीलनं सांगतलं दोन महिने झाले. डॉक्टर म्हणाला, दोन महिन्यांत इथवर आला म्हणजे लय वेगाचा हाय, या जागचा कॅन्सर असाच असते, थोडे महिने काढतीन. तरी सुई टोचून तुकडा काढावा, नेमका कोणता हाय ते तपासावं, असं त्याचं म्हणणं होतं. सुनील नाही म्हणाला. सुई लागली का गाठ खवळते अन् सारीकडं पसरते, असं त्याले कोणीतरी भरवलं. मीही मान हलवली. म्हटलं, जाणाऱ्या माणसाले कायले टोचायचं.

आता तू चिडशील. चिड. पण मलेही चिडता येते. तू तिकडं बसून आमच्या मिशा काढून राह्यली, इकडं आमचं काय झालं ते पाह्यलं? सुनील तुरीच्या वावरात जाऊन रडते अन् तोंड धुऊन घरी येते. भाऊजी गेले तवापासून त्यानं तुले कधी वाकलेलं पाह्यलं नाही. त्याले वाटलं, ऐकलं का तू मोडशील. मलेही तेच वाटलं. तुह्या तोंडावर सांगायची छाती कोणाची होती? तुही तरी झाली असती का?

सारं लिहिलं. आता भाऊबीजेचं तुह्या हातात.

तुहा भाऊ, ठेवला तर,
देवसिंग


तांडा
दि. ६ ऑक्टोबर २०२४

चि. देवसिंग यास,
पुरे आशीर्वाद, काही राखून न ठेवता. वि. वि. ओवाळीन तुले. पण आधी शिव्या खा.

पत्र वाचून एक दिवस नुसती बसली. लय भेव वाटलं. हे तुलेच सांगते, कोणाले सांगू नको. दुसऱ्या दिवशी राग आला, अन् राग आला तसा हातपाय हलायले लागले. दोन महिने? कोण म्हणते दोन महिने? सुनीलले दोन महिन्यांपासून माहीत हाय, म्हणून रोगही दोन महिन्यांचा झाला का?

माह्या मांड्यांवर अन् जांघेत लाल चट्टे येतात देवसिंग. त्याले दोन वर्षं झाली. एका जागी सोलून निघतात, वाळतात, तर दुसऱ्या जागी उगवतात. चालताना आग होते. दुकानातून खाजेची मलमं आणून आणून लावली, हातभर ट्यूबा रिकाम्या झाल्या. जीभ लाल होऊन सोलली हाय, ठेचा तर सोड, साधं वरण झोंबते. मागच्या वर्षी शिबिरात साखर निघाली, तवा सारे म्हणाले, साखरेच्या माणसाले खाज येतेच. लुगडं ढिलं झालं ते उपासानं झालं असं मी म्हणत राह्यली. लेकाले कसं सांगू का माह्या मांडीले जखमा हायेत? पुष्पाले माहीत होतं. तिलेच दाखवत होती.

डॉक्टरनं मले विचारलं असतं तर म्या सांगतलं असतं. बाई म्हणून एखाद्या नर्सले तरी दाखवलं असतं. पण तुम्ही मर्द माणसं आत बसून माह्या दुखण्याचं सांगत होते, अन् जिले दुखते ती नारळपाणी पिऊन राह्यलती! मले वाचवायले म्हणून मले बाहेर ठेवलं, अन् रोगाचं अर्धं बाहेरच राह्यलं. तुमाले काय म्हणावं, मले शब्द सापडून नाही राह्यले, अन् मले शब्द कमी पडत नाहीत हे तुले माहीत हाय.

कपाशीवर रोग दिसला तर सुनील पान तोडून दारव्ह्याच्या कृषी केंद्रात नेते. मावा हाय का तुडतुडे का अळी, ते पाहून मंग औषध घेते. अन् याडीच्या, जन्म देणाऱ्या मायच्या, पोटातल्या गाठीची जात कोणती, हे विचारायचं त्याले भेव वाटलं. थोडे महिने असतीन तर असू दे. पण ते महिने कोणत्या रोगाचे हायेत ते मले माहीत पाहिजे.

मी नागपूरले चालली. सुनीलले आज सांगतलं. तो म्हणते, मामानं घात केला. तुह्यावर लय तापला हाय, त्याचा फोन उचलू नको. तुले दिवाळीच्या गर्दीत सुट्टी भेटणार नाही, ते मले समजते. तो आला तर त्याच्यासंग, नाहीतर पुष्पासंग. पण डॉक्टरच्या खोलीत मी बसीन.

माया ठेव, पण घाबरट माया नको.

तुही बहीण,
रुपीबाई


नागपूर
दि. १० नोव्हेंबर २०२४

चि. देवसिंग यास,
आशीर्वाद. वि. वि. भाऊबीजेचं ओवाळणं उधार हाय, दवाखान्यात निरांजन लावू देत नाहीत. फोन परत भेटला, पण एवढं सारं फोनवर सांगायले गेली तर तू मधातच नाक ओढशील.

सुनील आला संग. गाडीत तोंड फुगवून बसला, पण आला. इथं डॉक्टर बाई हाय, पोरसवदा. तिनं विचारलं, कधीपासून, अन् माहा लेक लागला सांगायले. म्या त्याले गप केलं. पोट माहं, मी सांगते म्हटलं. जीभ दाखवली. साखरेचं सांगतलं. चट्ट्याचं सांगतलं तशी बाईची मान वर झाली. सुनीलले बाहेर पाठवलं अन् दिव्याखाली माह्या मांड्या पाह्यल्या. मंग मले विचारून आणखी दोन मोठ्या डॉक्टरांले बोलावलं. विचारून, बरं का! दोन वर्षं ज्याले मलम लावून राह्यली, ते पाहून त्याइनं रक्त काढलं अन् गाठीचं नाव अंदाजानं सांगतलं.

सुईही टोचली. तोंडातून दुर्बीण घालून, आतून. काही खवळलं नाही. मंग एक येगळा स्कॅन केला, त्यात असल्याच गाठी दिव्यासारख्या दिसतात. तुहं ज्ञान वाढावं म्हणून सांगते. स्वादुपिंडात अन्न पचवायचा रस होते, त्या भागाचा कॅन्सर सारे ज्याले भेतात तो. अन् तिथंच बारीक बारीक पेशींचे पुंजके असतात, साखर सांभाळणारे रस करणारे. माही गाठ त्या पुंजक्यातली. लय कमी लोकांले होते. ग्लुकागोनोमा म्हणतात, म्या पाठ केलं. ती गाठ साखर वाढवणारा रस नको तेवढा ओतत राहते, त्यानं साखर, त्यानंच चट्टे, त्यानंच जीभ अन् त्यानंच मी वाळली. हीही कॅन्सरच हाय, देवाचा प्रसाद नाही. पण हळू चालते. हिले औषध हाय.

महिन्याचं इंजेक्शन सुरू झालं. चट्टे सुकले देवसिंग! दोन वर्षांत पहिल्यांदा मी आग न होता चालली, अन् चालता चालता रडली. अंगात भर आली का ऑपरेशन, गाठ अन् लिव्हरचा डाग दोन्ही काढतीन म्हणते.

डॉक्टर बाईनं विचारलं, हे सारं यवतमाळले काहून नाही सांगतलं. म्या सुनीलकडं पाह्यलं. तो जमिनीकडं पाहून राह्यला. राग गेला नाही माहा. तुही बायको भेटीचं रडणं रडली असती, तर मी मऊ भात खात खात घरातच गेली असती. तिले सांग, मी तिच्यावर नाही चिडली. ती एकटीच खरं बोलली.

राग शांत व्हायले वेळ लागन. तोवर माया चालू ठेव.

तुही बहीण,
रुपीबाई


नेर
दि. १९ जानेवारी २०२५

ती. बाईस,
देवसिंगचा नमस्कार. वि. वि. ऑपरेशनची तारीख ठरली, सुट्टीचा अर्ज टाकला. साहेब कुरकुरला, तर म्या त्याले तुह्या गाठीचं नाव सांगतलं. त्याले ते म्हणता आलं नाही, म्हणून सही करून दिली.

एक खबर हाय, तू चिडशीलच. मागच्या आठवड्यात तांड्यात गेलतो. बाबूसिंगनं धुऱ्यावरचे दगड परत आत सरकवले! तोंडावर विचारलं, तर म्हणते, रुपीबाई मरून राह्यली असं सांगतलं म्हणून सोडला होता, आता ती नागपूरले भाकर खाऊन राह्यली. म्हणजे त्याच्या हिशेबानं तू फसवलं त्याले. मी असा तापलो, असा तापलो का सुनीलनंच मले धरलं. दगड आम्ही दोघांनी परत जागेवर नेऊन टाकले. वाटेत सुनील माह्याशी बोलला, इतक्या दिसांनंतर.

तांड्यात आता नवीनच उठलं हाय, का रुपीबाईले कॅन्सर नव्हताच, अल्सरच होता. मी साऱ्यांले सांगून राह्यलो, कॅन्सर होता, हाय, अन् औषधही हाय. खोटं बोलायचा कंटाळा आला बाई. ऑपरेशनले येतो. या वेळी आत तूच राह्यशील, मी बाहेर राह्यतो.

मायेतलं व्याज चुकवून राह्यलो, मुद्दल बाकी समज.

तुहा भाऊ,
देवसिंग


नागपूर, दवाखाना
दि. १३ मार्च २०२५

ती. याडीस,
सुनीलचा नमस्कार. पत्र लिहायची मले सवय नाही. राखीच्या हाती वर पाठवून राह्यलो. मी खाली औषधाच्या दुकानापाशी हाय.

ऑपरेशननंतरचा स्कॅन आला. स्वादुपिंडाची गाठ पूर्ण निघाली, तिथं काही नाही. पण लिव्हरवर दोन नवे डाग दिसले. बारीक हायेत. मोठ्या डॉक्टरनं मले जिन्यात गाठून सांगतलं, अन् म्हणाले, आईले हळूहळू सांगा.

मी पहिल्यांदा ठरवलं, का तुले म्हणीन स्कॅन साफ हाय. मामाले फोन केला. मामानं फोन ठेवून दिला. मंग परत त्याचाच फोन आला, म्हणाला, मले कायले सांगतं, जिचं पोट तिले सांग. तोंडानं माह्याच्यानं होत नाही याडी. जिन्यापर्यंत आलो अन् वापस गेलो.

डॉक्टर म्हणतात, इंजेक्शन चालू राहीन. अन् एक औषध शिरेतून देतात, ते जाऊन त्याच गाठींवर चिकटते अन् आतून जाळते. त्यासाठी मुंबईले जावं लागन. साऱ्यांले लागू पडते असं नाही, भरवसा देत नाही म्हणाले. मले दोन महिने म्हणायचा हक्क नव्हता, हे मले माहीत हाय. म्हणून यावेळी जेवढं सांगतलं तेवढं सारं लिहिलं, कमी नाही, जास्त नाही.

तुले राग आला तरी माया कर.

तुहा,
सुनील


त्याच कागदाच्या मागं

चि. सुनील यास,
याडीचे आशीर्वाद.

वाचलं. दोन म्हणजे दोनच ना? का तीन हायेत अन् एक खिशात ठेवला?

भेव वाटलं. वाटनच. राखी जवळ बसली हाय, तिचा हात धरून थोडी रडली, झालं. आता मुंबईचं विचारायचं हाय. ते औषध किती वेळा घ्यायचं, त्यानं साखरेचं काय होते, माह्यासारख्या किती जणांले दिलं, हे सारं डॉक्टरले तोंडावर विचारायचं हाय. जिन्यात सांगणाऱ्या त्या मोठ्या डॉक्टरलेही घेऊन ये. हळूहळू सांगा म्हणते! त्याले सांग, आई खाटेवर बसली हाय, जे सांगायचं ते आत येऊन पुरं सांग.

तू नीट लिहिलं. शब्द सुटला नाही. माह्या लेकानं लिहिलं म्हणून नाही सांगत, पण यवतमाळच्या दिवसापासून जो काटा होता तो आज थोडा निघाला.

थोडाच. कारण मामाले माह्या आधी समजलं. पुढच्या खेपेले आधी मले.

वर ये.

तुही याडी